अचलेच्या पोटांत

आपल्या पूर्वजांनीं पृथ्वीला जीं अनेक नांवें दिलीं, त्यांत अचला, स्थिरा आणि धरा हीं एकाच अनुभवाची साक्ष देतात. सूर्य चालतो, चंद्र घटतो, वारा भटकतो, पाणी वाहतें. पायाखालची भूमि मात्र जागची हलत नाहीं. अमरकोश पाठ करणाऱ्या मुलाच्या जिभेवर हीं नांवें बाळपणींच बसतात, आणि जी गोष्ट जिभेवर बसली तिच्याविषयीं शंका घेण्याची संवय बहुधा राहत नाहीं. या अचलेच्या पोटांत काय आहे, तें आपणांस कसें कळतें, आणि त्या कळण्याचा आपल्या घरादाराशीं संबंध काय, या तीन प्रश्नांचा विचार या महिन्यांत करावयाचा आहे.

प्रथम प्रत्यक्षाची धांव कोठवर जाते तें पाहूं. पृथ्वीची त्रिज्या सुमारें ६,३७१ किलोमीटर आहे. कर्नाटकांतील कोलारच्या सोन्याच्या खाणी २००१ सालीं बंद झाल्या; तोंवर त्या तीन किलोमीटरांहून अधिक खोल गेल्या होत्या. रशियाच्या वायव्येस कोला नांवाच्या द्वीपकल्पांत १९७० सालीं एक विवर खोदावयास घेतलें. तें १९८९ सालीं १२,२६२ मीटरांवर पोहोंचलें, आणि त्यापुढें जाऊं शकलें नाहीं. मनुष्याचा हात एवढाच लांब. उलट ज्या खंडावर आपण राहतों त्याचें कवचच मुळीं पस्तीस ते पन्नास किलोमीटर जाड. आंब्याच्या सालीला नख लावावें आणि कोयीचें वर्णन करावें, तशी ही अवस्था आहे.

डोळ्यांस न दिसणाऱ्या वस्तूचें ज्ञान अनुमानानें होतें, हें न्यायशास्त्राची तोंडओळख असलेल्यास सांगावयास नको. डोंगरावर धूर दिसला कीं तेथें विस्तव आहे असें आपण म्हणतों. कारण धुराचें आणि विस्तवाचें साहचर्य स्वयंपाकघरांत रोज पाहिलेलें असतें. भूगर्भाचा अभ्यास करणारे पंडितही हेंच करतात. खडकांचें आकर्षण, भूकंपाच्या लहरी, जमिनींतून वर येणारी उष्णता, खडकांतील चुंबकत्व व विद्युत् हे त्यांचे धूर होत. परंतु त्याच न्यायशास्त्रानें हेत्वाभासही शिकविले आहेत. जो हेतु साध्याजवळ आढळतो, आणि साध्य नसेल तेथेंही आढळतो, त्यास सव्यभिचार म्हणतात. त्याच्या भरंवशावर केलेलें अनुमान फसतें. एकाच साक्षीदारावर निवाडा देऊं नये, ही व्यवहारांतील शहाणपणाची गोष्ट भूगर्भशास्त्राला वारंवार शिकावी लागली, आणि ती ज्या प्रसंगांनीं शिकली त्यांतील कांहीं आपल्याच देशांतील आहेत.

पहिला धूर दिसला तो ओळंब्याच्या दोरीला. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत जॉर्ज एव्हरेस्ट यांच्या देखरेखीखालीं हिंदुस्थानची मोठी त्रिकोणमापनाची मोहीम चालली होती. मध्य हिंदुस्थानांत सिरोंजजवळ कल्याणपूर, आणि उत्तरेस मुजफ्फरनगरजवळ कलियाना, अशीं दोन ठाणीं होतीं. त्यांच्या अक्षांशांतील फरक दोन रीतींनीं काढला. एक रीत जमिनीवरून त्रिकोण मांडीत जाण्याची. दुसरी ताऱ्यांचे वेध घेण्याची. दोहोंत ५.२३६ विकलांचा फरक निघाला. जमिनीवर हा फरक दीडशें मीटरांहून थोडा अधिक होतो. सहाशें किलोमीटरांच्या अंतरांत तो कोणी मोजणीदारानें सहज पोटांत घातला असता. पण तो घातला नाहीं, हें त्या मंडळींचें थोरपण.

कलकत्त्याचे एक ख्रिस्ती धर्माधिकारी जॉन हेन्री प्रॅट हे गणिती होते. त्यांनीं विचार केला कीं, उत्तरेस हिमालयासारखी प्रचंड राशि असतां ओळंबा तिच्याकडे थोडा ओढला जाणारच, आणि ताऱ्यांचे वेध ओळंब्यावरच अवलंबून असतात. हें आकर्षण किती असावें त्याचें गणित त्यांनीं मांडलें, तेव्हां उत्तर आलें १५.८८५ विकला. म्हणजे हिमालयानें जेवढें ओढावयास पाहिजे त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढेंच तो ओढीत होता! डोंगर तर डोळ्यांस दिसतो. मग त्याचें वजन गेलें कोठें?

१८५५ सालीं इंग्लंडचे राजज्योतिषी जॉर्ज एअरी यांनीं उत्तर सुचविलें. पाण्यावर तरंगणाऱ्या ओंडक्याचा जो भाग वर दिसतो त्याहून मोठा भाग पाण्यांत असतो. त्याप्रमाणें पर्वतालाही हलक्या खडकाचें खोल मूळ असावें, आणि तें खालच्या जड द्रव्यांत बुडालेलें असावें. प्रॅट यांनीं १८५९ सालीं निराळें मत मांडलें. पर्वताखालचा खडक मुळांतच विरळ, मैदानाखालचा दाट, आणि सर्वांचा तळ एकाच पातळीवर. गंमत अशी कीं, ओळंब्याचें गणित दोन्ही मतांनीं जुळतें. हाच तो सव्यभिचार हेतु. खोल मुळें असलीं तरी ओढ कमी, आणि खडक विरळ असला तरी ओढ कमी. आजही गुरुत्वमापक यंत्रें अत्यंत सूक्ष्म झालीं असलीं तरी ही अडचण सुटलेली नाहीं; नुसत्या वजनावरून पोटांतील आकृति एकच एक अशी ठरत नाहीं.

निवाड्यासाठीं दुसऱ्या जातीचा साक्षीदार पाहिजे होता, आणि तो भूकंपानेंच पुरविला. १२ जून १८९७ रोजीं आसामांत प्रचंड भूकंप झाला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणांतील रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम यांनीं त्याचा अभ्यास करतांना दूर युरोपांतील यंत्रांवर उमटलेल्या रेघा तपासल्या, आणि भूकंपापासून निरनिराळ्या गतीच्या लहरी निघतात हें दाखवून दिलें. पहिली दाबाची लहर. आगगाडीच्या डब्यांस मागून धक्का बसावा तशी ती कणांना पुढें ढकलीत जाते, आणि सर्वांआधीं पोहोंचते. दुसरी आडव्या हेलकाव्याची. दोराला झटका दिला असतां जशी नागमोडी धांवते तशी ती जाते, आणि मागून येते.

यानंतर बारा वर्षांनीं, ८ ऑक्टोबर १९०९ रोजीं, क्रोएशियांतील झाग्रेब शहराजवळ भूकंप झाला. तेथील शास्त्रज्ञ आंद्रिया मोहोरोविचिच यांस असें आढळलें कीं, कांहीं वेधशाळांत दाबाची लहर एकदां येऊन थांबली नव्हती. ती दोनदां आली होती. याचा अर्थ समजण्यास एक घरगुती उदाहरण घेऊं. दोघे प्रवासी एकाच वेळीं घरांतून निघाले. एक सरळ पायवाटेनें चालत गेला; दुसरा आड वाट करून स्टेशनावर गेला आणि त्यानें आगगाडी धरली. गांव जवळचें असेल तर चालणारा आधीं पोहोंचेल. गांव दूरचें असेल तर आगगाडीवाला वळसा घेऊनही पुढें जाईल. भूगर्भांतही असेंच आहे. कवचांतून दाबाची लहर सेकंदाला सहा-सात किलोमीटर जाते; कवचाच्या तळाशीं एक सीमा आहे, तिच्या खालीं ती सुमारें आठ किलोमीटर वेगानें धांवते. किती अंतरावर दुसरा प्रवासी पहिल्यास गांठतो हें पाहिलें कीं स्टेशन किती दूर, म्हणजे सीमा किती खोल, हें गणितानें निघतें. या सीमेस शोधकाच्या नांवावरून ‘मोहो’ म्हणतात. ती तिबेटाखालीं सत्तर किलोमीटरांच्या आसपास आहे. हिमालयाच्या बाबतींत एअरींची खोल मुळें खरीं, असा कौल या साक्षीदारानें दिला.

आतां आपल्या दक्षिणेकडे वळूं. महाराष्ट्राचा बहुतेक भाग ज्या काळ्या फत्तरानें झांकलेला आहे, तो सुमारें ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीं लाव्ह्याच्या थरांवर थर सांचून झाला. सह्याद्रीच्या कड्यांवर हे थर पायऱ्यांसारखे दिसतात. आपण या दगडास पुरातन म्हणतों; पण भूगर्भाच्या पंचांगांत तो कालचा पाहुणा होय. त्याच्या खालीं जी बैठक आहे ती धारवाडी भूखंडाची. तिच्यांतील पट्टेदार खडक कर्नाटकांत उघडे दिसतात, आणि त्यांतील कांहीं तीनशें कोटी वर्षांहूनही जुने आहेत. सिंधुदुर्गांत, गोव्यांत आणि तिकडे गडचिरोलीकडे लाव्ह्याचें पांघरूण संपतें व प्राचीन खडक वर दिसूं लागतात. मधल्या साऱ्या प्रदेशांत ते झांकलेले आहेत.

या झांकलेल्या बैठकीची चौकशी करावयाची तर भूकंपाची वाट पाहत बसणें परवडत नाहीं. म्हणून १९७२ च्या सुमारास हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेनें सोव्हिएत शास्त्रज्ञांच्या साहाय्यानें पूर्व किनाऱ्यावरील कावलीपासून पश्चिम किनाऱ्यावरील उडुपीपर्यंत, म्हणजे सुमारें सहाशें किलोमीटरांची एक रेषा आंखली. त्या रेषेवर ठिकठिकाणीं जमिनींत सुरुंग उडवावयाचे आणि कंपमापक यंत्रें ओळीनें मांडून परत येणारे प्रतिध्वनि टिपावयाचे. पुढें अशाच दोन रेषा कोयनेच्या परिसरांतून काढल्या. एक गुहागराहून चोरोचीकडे गेली, दुसरी केळशीहून लोणीकडे. कवचाचा तळ तेथें पस्तीस ते चाळीस किलोमीटर खोल आढळला. किनाऱ्याच्या बाजूस लाव्हा जाड असून पूर्वेकडे तो पातळ होत जातो, हेंही दिसलें.

याहून अलीकडची एक युक्ति तर सुरुंगाशिवाय चालते. जपान किंवा सुमात्रा येथें मोठा भूकंप झाला कीं त्याची दाबाची लहर पृथ्वीच्या पोटांतून आपल्या खालीं येते. मोहोची सीमा ओलांडतांना तिचा कांहीं अंश रूप बदलून आडव्या हेलकाव्याची लहर होतो. ही धाकटी लहर मंद चालते, म्हणून वर कांहीं सेकंद उशिरा पोहोंचते. पावसाळ्यांत वीज आधीं दिसते आणि गडगडाट मागून येतो. मधले सेकंद मोजून आपण मुलांना वीज किती दूर पडली तें सांगतों. तसाच हा हिशेब. साधारण चार ते सहा सेकंदांचा उशीर असतो, आणि तेवढ्यावरून पायाखालच्या कवचाची जाडी निघते.

या रीतीनें धारवाडी भूखंडाचीं दोन अंगें निराळीं दिसून आलीं. पूर्वेकडील अंगाचें कवच सुमारें ३४ ते ३९ किलोमीटर जाड भरलें; पश्चिमेकडील, जें वयानें वडील आहे, त्याचें ४३ ते ५२ किलोमीटर. येथें विचार करण्यासारखी गोष्ट आहे. पन्नास किलोमीटर जाड कवच म्हणजे वर उत्तुंग पर्वत असावयास पाहिजे. पण तेथें आहे एक साधें पठार. तर मग या कवचाचा खालचा भाग पुष्कळ दाट व जड खडकाचा असला पाहिजे, नाहींतर तें एवढें खालीं बसून राहिलें नसतें. लहरींची गतिही त्याच बाजूनें बोलते. एअरी आणि प्रॅट यांचा जुना वाद हिमालयापुरता मिटला असें आपण म्हटलें. पण या म्हाताऱ्या भूखंडांत शिरल्यावर प्रॅट यांच्या घनतेच्या विचारालाही जागा द्यावी लागते. नुसती जाडी पुरत नाहीं, आणि नुसती घनता पुरत नाहीं. दोघांची सांगड घालावी लागते.

तिसरा साक्षीदार स्वतः दगडच. कलकत्त्याच्या सेंट जॉन चर्चच्या आवारांत जॉब चार्नॉक याची कबर आहे. तिच्यावरील शिळेचें परीक्षण थॉमस हॉलंड यांनीं केलें आणि १८९३ सालीं त्या जातीच्या खडकाला त्याच्याच नांवावरून ‘चार्नोकाइट’ असें नांव दिलें. हा खडक तयार होतो तो कवचाच्या खोल भागांत, जबर उष्णतेंत व दाबांत. धारवाडी भूखंडांत उत्तरेकडून दक्षिणेकडे जावें तों तों अधिकाधिक खोलींत शिजलेले खडक पृष्ठावर येतात, आणि दक्षिण टोकाशीं चार्नोकाइट उघडा पडतो. जणूं सारें कवच थोडें कलंडलें आणि काळानें तें घासून टाकलें, म्हणून पायीं दक्षिणेस जाणारा मनुष्य नकळत खोल उतरत जातो. लहरींनीं ज्याचें वर्णन दुरून केलें तो खालचा माल येथें हातांत घेऊन पाहतां येतो.

इतके साक्षीदार एकत्र आल्यावरही चूक होऊं शकते. कोलाच्या विवराचीच गोष्ट घ्या. तेथें सुमारें सात किलोमीटरांवर लहरींची गति बदलत होती. त्यावरून ग्रॅनाइट संपून जड असिताश्म लागेल असा अंदाज बांधला होता. विवर तेथवर पोहोंचलें, तेव्हां असिताश्म सांपडलाच नाहीं. तेथेंही ग्रॅनाइटी जातीचेच खडक होते, फक्त भेगांनीं पोखरलेले व पाण्यानें भिजलेले. धूर खरा होता. विस्तवाची जात निराळी निघाली.

आपल्याकडेही १९७३ सालीं गुरुत्वाकर्षणाच्या मापांवरून असें सुचविलें गेलें कीं, कोयना व कुर्डुवाडी या भागांत लाव्ह्याखालीं खचदऱ्या लपलेल्या असाव्यात. तशी खचदरी असेल तर तिच्यांत लाव्ह्यापूर्वींचा जाड गाळ सांचलेला असण्याचा संभव अधिक. पुढें कोयनेच्या परिसरांत विवरें खोदण्यांत आलीं. पाटण तालुक्यांत गोठणे येथें २०१६-१७ सालीं खोदलेलें विवर तर तीन किलोमीटर खोल गेलें. त्यांत सुमारें साडेबाराशें मीटर लाव्हा लागला, आणि तो संपतांच थेट प्राचीन ग्रॅनाइटी पट्टिताश्म. मध्यें गाळाचा थर नाहीं. किल्लारीजवळ ६१७ मीटरांचें विवर खोदलें. तेथें ३३८ मीटर लाव्हा, मग अवघा आठ मीटर गाळ, आणि त्याखालीं तीच प्राचीन बैठक. एका साक्षीदाराच्या जबानीवर रंगविलेलें चित्र दुसऱ्यानें असें दुरुस्त केलें.

किल्लारीचें नांव निघाल्यावर तिसऱ्या प्रश्नाकडे वळणें प्राप्त आहे. दक्षिणेचें पठार हें अतिप्राचीन, घट्ट, थंड झालेलें. येथें भूकंप कसला व्हावयाचा, अशी समजूत पुष्कळ काळ सुशिक्षितांतही होती. ११ डिसेंबर १९६७ च्या पहांटे कोयनेस ६.३ प्रतीचा भूकंप झाला. सुमारें १८० माणसें दगावलीं. धरणाच्या जलाशयांत १९६२ पासून पाणी सांठूं लागलें होतें, आणि त्या पाण्याच्या भारानें व खडकांच्या भेगांत उतरलेल्या दाबानें जुन्या फटी सरकल्या, असें आज मानलें जातें. कोयनेला निदान धरणाचें कारण दाखवितां आलें. परंतु ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे, गणेशविसर्जन आटोपून लोक थकून झोंपले असतां, लातूर व उस्मानाबाद (आतांचा धाराशिव) या जिल्ह्यांच्या सीमेवर भूमि हादरली, आणि आठ ते दहा हजार माणसें गेलीं. त्या वेळच्या भूकंपपट्ट्यांच्या नकाशांत हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या पट्ट्यांत होता. २००२ सालीं नकाशा सुधारला तेव्हां तो पहिला पट्टाच काढून टाकण्यांत आला, आणि किल्लारीचा भाग तिसऱ्या पट्ट्यांत गेला.

यांतून धडा काय? प्राचीन म्हणजे अभंग नव्हे. जुनें कवच थंड असतें, म्हणूनच तें ठिसूळ राहतें. दाब आला असतां लवत नाहीं, तडकतें. २२ मे १९९७ रोजीं जबलपूरला झालेल्या भूकंपाचें मूळ सुमारें ३५ किलोमीटर खोल, म्हणजे कवचाच्या तळाजवळ होतें; एवढ्या खोलींतही तेथील खडक मऊ झालेला नाहीं. उलट किल्लारीचें मूळ पृष्ठापासून कांहीं थोड्याच किलोमीटरांवर होतें. भारताचें भूखंड वर्षाला सुमारें पांच सेंटिमीटर वेगानें ईशान्येकडे सरकत आशियावर रेटा देत आहे. त्या रेट्याचा ताण हिमालयांतच संपत नाहीं. तो मागें, आपल्या पठाराच्या पोटांतल्या जुन्या फटींवरही येतो.

वाचकहो, भूकंप कोणत्या दिवशीं होईल हें यांतील एकही साक्षीदार सांगूं शकत नाहीं, आणि सांगतों म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवूं नये. पण जुन्या फटी कोठून गेल्या आहेत, खडक कोठें भेगाळलेला आहे, लाव्हा किती जाड आहे, हें ते सांगूं लागले आहेत. आणि तेवढें कळलें तरी घर कसें बांधावें हें ठरवितां येतें. किल्लारीस माणसें मारलीं तीं मुख्यतः मातींत रचलेल्या जाड दगडी भिंतींनीं आणि त्यांवरच्या मातीच्या जड माळवदांनीं. भिंतीच्या दोन्ही अंगांना सांधणारे आरपार दगड नव्हते. दारें-खिडक्यांच्या वरून साऱ्या घराला मिठी मारणारा सलोह काँक्रीटचा अखंड पट्टा नव्हता. नवें घर बांधतांना मुहूर्त, दिशा आणि फरशीचा रंग यांची चर्चा आपल्या घरांत आठवडाभर चालते. त्यांत हा पट्टा आहे कीं नाहीं, एवढा एक प्रश्न घरांतील वडील माणसानें गवंड्याला विचारावा. जुना वाडा असेल तर भिंतींचे सांधे व माळवदाचें ओझें जाणत्या मनुष्याकडून तपासून घ्यावें. खर्च होईल, पण श्राद्धाच्या खर्चापेक्षां तो बरा.

पृथ्वीला अचला म्हणणाऱ्यांनीं आपल्या अनुभवाशीं इमान राखलें. त्यांच्याच शास्त्रानें हेतु तपासून घ्यावयास शिकविलें. आज नवीन हेतु पुढें आले आहेत, ते तपासून घेणें हें त्या परंपरेचें पालनच होय. नांव अचला राहूं द्यावें. भिंत मात्र चला आहे असें समजून बांधावी.